अपाचेलँडचं प्रार्थनागृह: दोन आगींतून वाचलेल्या सेटच्या इमारतीत मूळ किती उरलं?

रिकामी_चौकट

अ‍ॅरिझोनातल्या सुपरस्टिशन माउंटन संग्रहालयाच्या आवारात मनोरा असलेलं एक छोटं लाकडी प्रार्थनागृह आहे. ‘एल्व्हिस चॅपेल’ म्हणून ते ओळखलं जातं. त्याच आवारात जुन्या धाटणीचं एक मोठं कोठार आहे. दोन्ही इमारती अपाचेलँडवरून आणलेल्या. अपाचेलँड म्हणजे वेस्टर्नपटांसाठी, म्हणजे जुन्या पश्चिम अमेरिकेतल्या गुराख्या-बंदूकबाजांच्या चित्रपटांसाठी, सेट म्हणून उभारलेलं गाव. ते दोनदा जळालं. वेस्टर्नपटांच्या उरलेल्या सेटची सूची करतो आहे. त्यात प्रार्थनागृहापुढे ‘मूळ’ लिहायचं की ‘पुन्हा उभारलेलं’, इथे गाडं अडलंय.

तीन प्रश्न:
१. सगळं गाव जळालं तरी हेच कसं वाचलं? नुसतं नशीब, की बांधकामात काही होतं?
२. इमारत सुटी करून दुसरीकडे जोडली की तिच्यातलं जुनं किती टिकतं?
३. समोर उभं राहून कुठली फळी जुनी आणि कुठली नवी हे ओळखता येतं का?

जुनी_रीळ

आधी तारखा लावून घेऊ, कारण या इमारतीबद्दल जालावर बरीच सरमिसळ आहे.

अपाचेलँडचं काम १९५९ मध्ये सुरू झालं आणि १९६० मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. जागा फिनिक्सच्या पूर्वेला, अपाचे जंक्शन ओलांडल्यावर, आजच्या गोल्ड कॅनियन भागात. अमेरिकन टीव्हीवर तेव्हा वेस्टर्न मालिकांचं पीक आलेलं होतं, त्यामुळे चित्रीकरणाला भाड्याने द्यायचं आणि एरवी पर्यटकांना फिरवायचं, असा दुहेरी व्यवहार होता. ही गोष्ट बारीक वाटते, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाशी तिचा संबंध आहे. पर्यटक दार उघडून आत जाणार असेल तर नुसती दर्शनी भिंत उभी करून भागत नाही.

हे प्रार्थनागृह ज्यात दिसतं तो ‘चार्रो!’ हा चित्रपट १९६८ मध्ये चित्रित झाला आणि १९६९ मध्ये लागला. दिग्दर्शक चार्ल्स मार्क्विस वॉरन. गायक-नट एल्व्हिस प्रेस्लीचा हा एकच कथापट असा, की त्यात तो पडद्यावर गात नाही. शीर्षकगीत त्याच्या आवाजात आहे, बस्स. तेव्हा प्रार्थनागृहात गिटार घेऊन गाणाऱ्या एल्व्हिसचं दृश्य शोधत बसू नका, ते नाहीच.

पहिली आग २६ मे १९६९. गाव बरंचसं गेलं, मग पुन्हा बांधलं. दुसरी आग १४ फेब्रुवारी २००४. त्यानंतर गाव पुन्हा उभं राहिलं नाही, त्याच वर्षी अपाचेलँड बंद झालं. प्रार्थनागृह आणि कोठार मागे राहिलं. ते संग्रहालयाला दान मिळालं, स्वयंसेवकांनी सुटं केलं आणि अपाचे ट्रेल रस्त्यावरच्या आवारात पुन्हा जोडलं.

आणखी एक गैरसमज: एल्व्हिसचं लग्न इथे झालं असं काही ठिकाणी लिहिलेलं सापडतं. त्याचं लग्न १ मे १९६७ रोजी लास व्हेगासच्या अलादीन हॉटेलात झालं. या प्रार्थनागृहात आज लग्नं लागतात, त्यावरून कोणीतरी दोन टोकं जुळवली असणार. कोठाराला ऑडी मर्फीचं नाव आहे. दुसऱ्या महायुद्धातला पदकविजेता सैनिक आणि पुढे वेस्टर्नपटांचा नायक झाला, तोच.

वळचण

पहिल्या प्रश्नाबद्दल. नशीब असतंच, पण सेट जळतात कसे हे पाहिलं तर नशिबाच्या वाट्याला बरंच कमी उरतं.

वेस्टर्न गावाचा मुख्य रस्ता म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दर्शनी भिंतींची रांग. दुमजली दिसणाऱ्या दुकानाच्या मागे बऱ्याचदा फक्त तिरके टेकू. समोरून फळ्या, मागून उघडे दांडे, दोन दांड्यांमध्ये वरपर्यंत मोकळी खाच. ही खाच आगीसाठी आयती चिमणी होते. खऱ्या घराच्या भिंतीत अशा खाचा आडव्या ठोकळ्यांनी किंवा आतल्या अस्तराने बंद केलेल्या असतात, सेटवर तेवढा खर्च कोण करणार? ज्वाळा मागच्या बाजूने काही मिनिटांत वरच्या टोकाला पोचते. रांगेतल्या दुकानांना जोडणारा लाकडी फुटपाथ आणि त्यावरचं छप्पर वातीचं काम करतं. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड, त्यावर प्रत्येक चित्रपटागणिक चढलेला रंगाचा नवा थर. ठिणगी पडायची खोटी.

दुसरा मुद्दा पाण्याचा. कॅमेऱ्यात विजेचा खांब, नळ, आगीचा बंब येऊ नये म्हणून सेट मुद्दाम वस्तीपासून लांब बांधतात. म्हणजे जी गोष्ट जागा निवडताना गुण असते, तीच आग लागल्यावर अवगुण ठरते. ओल्ड टूसाँचं उदाहरण घ्या. कोलंबिया स्टुडिओने १९३९ मध्ये ‘अ‍ॅरिझोना’ चित्रपटासाठी बांधलेलं ते गाव २४ एप्रिल १९९५ च्या आगीत मोठ्या प्रमाणावर जळालं आणि २ जानेवारी १९९७ ला पुन्हा उघडलं. कॅलिफोर्नियात वेस्टर्नपटांचा गायक-नट जीन ऑट्री याची मेलडी रँच ही चित्रीकरणाची जागा १९६२ मध्ये जळाली. सेटच्या इतिहासात आगीचं प्रकरण येतंच.

आता वाचतं काय, ते पाहा. कॅलिफोर्नियातल्याच पॅरामाउंट रँच या चित्रीकरणाच्या जागेवर नोव्हेंबर २०१८ च्या वूल्झी वणव्यात वेस्टर्न गाव खाक झालं. प्रार्थनागृह आणि रेल्वे स्थानक तेवढं उरलं. अपाचेलँडमध्ये प्रार्थनागृह आणि कोठार. हा योगायोग वाटत नाही. या प्रकारच्या इमारती चारही बाजूंनी पूर्ण बांधलेल्या असतात, आणि दिग्दर्शकाला त्या रस्त्याच्या टोकाला, थोड्या सुट्या हव्या असतात. प्रार्थनागृहाचा मनोरा दृश्याच्या शेवटी एकटा दिसला पाहिजे. कोठाराभोवती घोडे आणि गाड्या वळवायला मोकळी जागा लागते. म्हणजे चौकट सजवण्यासाठी ठेवलेलं अंतर आगीच्या वेळी उपयोगी पडतं. कॅलिफोर्नियाचा कायदा इमारतीभोवती १०० फूट झुडपं-गवत आटोक्यात ठेवायला सांगतो, आणि त्यातही भिंतीलगतचे पहिले ५ फूट सर्वांत महत्त्वाचे मानतात. मोकळं मैदान हे काम फुकटात करतं.

अर्थात वाऱ्याची दिशा बदलली असती तर हे सगळं विश्लेषण राखेत गेलं असतं. ठिणग्या उडत येतात आणि वळचणीखाली, पायरीच्या फटीत, छपरावरच्या शिंगल्सच्या (लाकडी चिपांच्या) उचललेल्या कडेखाली अडकतात. वणव्यात बहुतेक घरं ज्वाळेने नव्हे, अशा ठिणग्यांनी पेटतात.

रिकामी_चौकट

वळचण, ‘चौकटीसाठी ठेवलेलं अंतर’ हा मुद्दा पटला. पॅरामाउंटचं प्रार्थनागृह मात्र जुनं नाही ना? अलीकडच्या टीव्ही मालिकेसाठी बांधलेलं आहे असं वाचलं.

जुनी_रीळ

बरोबर. ते ‘वेस्टवर्ल्ड’ मालिकेसाठी बांधलेलं, म्हणजे वणव्याच्या वेळी जेमतेम काही वर्षांचं. स्थानक ‘डॉक्टर क्विन’ मालिकेच्या वेळचं, १९९० च्या दशकातलं. गंमत अशी की जळालेल्या गावाचा गाभा त्या दोघांपेक्षा जुना होता, १९५३ नंतर खासगी मालकाने उभा केलेला, त्यातही काही भाग आरकेओ स्टुडिओच्या एन्सिनोतल्या सेटवरून आणलेले. जागा १९८० पासून राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. म्हणून सूचीत ‘वाचलेली’ आणि ‘जुनी’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. एकाच रकान्यात दोन्ही कोंबलं की गोंधळ होतो.

खिळे_फळ्या

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा, जरा सविस्तर लिहितो. हे काम कसं करतात, आणि कुठे फसतं, हे कळलं की किती जुनं टिकलं असेल त्याचा अंदाज येतो. खालचं सगळं अशा लाकडी सांगाड्याच्या इमारतीला सर्वसाधारणपणे लागू आहे.

मोजमाप. फळीला हात लावण्याआधी चारही भिंतींचे समोरून फोटो, प्रत्येकात मोजपट्टी उभी धरून. मग जमिनीचे आणि प्रत्येक भिंतीचे दोन्ही कर्ण मोजायचे. हे लोक हमखास विसरतात. सेट घाईत बांधतात, काटकोन अंदाजाने असतात, त्यात दशकांचा वारा. समजा दोन कर्णांत ३ इंचांचा फरक आहे. नव्या जागी हौसेने बिनचूक काटकोनात पाया ओतला की जुन्या फळ्या कोपऱ्यात कुठे आखूड, कुठे लांब पडतात. मग कापाकापी सुरू होते, आणि मूळ माल हकनाक जातो. वाकडी इमारत वाकडीच जोडावी.

क्रमांक. दिशेचं अक्षर, ओळ, फळी. उदाहरणार्थ उ-३-१२. अ‍ॅल्युमिनियमचा बिल्ला, फळीच्या मागच्या अंगाला, नेहमी एकाच कोपऱ्यात. शाईच्या पेनने लिहिलेलं वाळवंटी उन्हात उडून जातं आणि मग तीनशे सारख्या दिसणाऱ्या फळ्यांचं कोडं सोडवत बसावं लागतं.

टेकू. फळ्या काढण्याआधी सांगाड्याला आतून तिरक्या आडण्या मारायच्याच. सेटच्या भिंतीत स्वतःच्या तिरक्या आडण्या बहुधा नसतात. भिंत आडवी कलंडू नये हे काम बाहेरच्या फळ्याच करत असतात. त्या काढल्या की उरलेला सांगाडा पत्त्यांसारखा. एका बाजूच्या फळ्या उतरवून दुपारची सुट्टी घेतली आणि वारा सुटला, तर संध्याकाळी सरपण गोळा करायचं.

मनोरा. सर्वांत आधी उतरवायचा, आणि शक्यतो अख्खा. आत आडव्या-उभ्या आडण्या ठोकून, पट्टे खालच्या चौकटीला घालून क्रेनने उचलायचा. टोकाला पट्टा बांधला तर टोक हातात येतं आणि मनोरा खाली. वजन आधी काढा: डग्लस फरचं लाकूड घनफुटाला साधारण ३२ ते ३४ पौंड. वाळवंटात ते थोडं हलकं भरतं, पण हिशेब जडच धरावा.

मग वरून खाली: छपराचं आच्छादन, त्याखालच्या फळ्या, आढं आणि वासे, मग भिंतींच्या फळ्या, शेवटी दांडे. दुसरा मार्ग म्हणजे भिंत तशीच ठेवून कोपऱ्यांत कापून तुकडे न्यायचे. यात जुने सांधे आणि खिळे जागच्या जागी राहतात, ही मोठी जमेची बाजू. पण अमेरिकन रस्त्यावर परवान्याशिवाय ८ फूट ६ इंचांपेक्षा रुंद माल नेता येत नाही, त्यामुळे उंच भिंत असेल तर कुठेतरी आडवा काप येतोच.

खिळे. इथेच सर्वाधिक फळ्या मरतात. पन्नास वर्षं उन्हात तापलेली फळी काचेसारखी ठिसूळ असते, आणि टोकाचे खिळे उपटायला गेलं की टोकापासून फूटभर चीर जाते. त्यामुळे टोकाचे खिळे कधीही उपटायचे नाहीत. फळी आणि दांडा यांच्यामध्ये पाचर सरकवून थोडी फट करायची, त्यात धातू कापणारं पातं घालून विजेच्या करवतीने खिळा कापायचा. मधल्या खिळ्यांसाठी फळी मागून अर्धा इंच पुढे ढकलायची, मग परत ठोकून बसवायची. खिळ्यांची डोकी वर राहतात, तेव्हा छोट्या पहारीने, खाली पातळ लाकडी तुकडा ठेवून ओढायचं. समोरून थेट पहार घातली की प्रत्येक खिळ्याभोवती अर्धचंद्रासारखा ठसा उमटतो आणि तो जन्मभर दिसतो.

रंग. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ मध्ये. त्याआधीच्या फळीवर शिसं आहे असं धरूनच चालायचं: कोरडं घासणं बंद, ओलं करून खरवडणं, गरम हवेची बंदूक वापरलीच तर ११०० अंश फॅरनहाइटच्या खाली. सेटच्या बाबतीत मात्र शक्यतो खरवडूच नये. तो रंग म्हणजे चित्रपटांचा जमाखर्च आहे, इथले सदस्य फूटपट्टी त्यावर लिहितीलच.

साठवण. जमिनीपासून वर, सावलीत, दर १६ ते २४ इंचांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, वर वजन ठेवून. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत हव्यात. नाहीतर जोडायच्या वेळी फळ्यांच्या होड्या झालेल्या असतात.

नवी जागा. जुन्या सेटचे खांब थेट मातीत पुरलेले असण्याची शक्यता दांडगी, आणि त्यांची खालची टोकं बहुधा गेलेलीच असतात. ती तशीच ठेवण्याचा हट्ट धरू नये. आता काँक्रीटचा चौथरा, त्यावर प्रक्रिया केलेल्या लाकडाची तळपट्टी, अर्ध्या इंचाचे अँकर बोल्ट जास्तीत जास्त ६ फुटांवर आणि पट्टीच्या टोकापासून फुटाच्या आत, काँक्रीटमध्ये ७ इंच बुडालेले. फळीचा खालचा काठ मातीपासून किमान ६ इंच वर. या ६ इंचांचं कारण पाणी आहेच, पण सोनोरन वाळवंटात वाळवीही आहे. चौथरा घातला म्हणजे वाळवी संपली असं नसतं. ती चौथऱ्याच्या कडेवरून मातीच्या नळ्या करत चढते. कडा उघडी असली तर नळ्या दिसतात तरी. शोभेसाठी भोवती दगड-माती रचून कडा झाकली की दिसेनासं होतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

जुन्या फळीला नवा खिळा मारताना आधी छिद्र पाडायचं, जुन्या छिद्रापासून इंचभर बाजूला. फळ्या अगदी घट्ट बसवू नयेत. जुलै ते सप्टेंबर तिथेही पावसाळी वादळं येतात, कोरडी फळी तेव्हा फुगते, आणि जागा नसली की खिळ्यांसकट बाहेर येते.

फूटपट्टी

तिसरा प्रश्न. होय, ओळखता येतं, आणि एक मोजपट्टी व विजेरी पुरते. एका खुणेवर मात्र निकाल देऊ नका.

दांड्याची जाडी. ज्याला ‘टू बाय फोर’ म्हणतात तो रंधा मारलेला दांडा प्रत्यक्षात २ गुणिले ४ इंच नसतो. १९६० च्या आसपास विकला जाणारा असा दांडा १ ५/८ गुणिले ३ ५/८ इंच असे, म्हणजे सुमारे ४१ गुणिले ९२ मिलिमीटर. १९७० च्या मानकाने तो १ १/२ गुणिले ३ १/२ झाला, ३८ गुणिले ८९. अपाचेलँडसाठी ही सीमारेषा सोयीची आहे: पहिली आग १९६९ ची. तिच्याआधीचे दांडे जाड, नंतर काही काळाने आलेले बारीक. एक सापळा आहे. १९७० च्या मानकात ओला विकलेला दांडा १ ९/१६ चा होता, आणि जुना १ ५/८ चा दांडा वाळवंटात आकसून जवळपास तेवढाच भरू शकतो. म्हणून एकच मोजून चालत नाही. दहा-बारा दांडे, प्रत्येकी दोन ठिकाणी मोजा आणि आकडे कुठे गोळा होतात ते पाहा. रंधा न मारलेलं खडबडीत लाकूड असेल तर ही कसोटी लागूच होत नाही.

छिद्रं. माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण हीच. सुटी करून जोडलेल्या इमारतीत जुन्या फळीला छिद्रांच्या दोन जोड्या असतात, एक रिकामी किंवा बुजवलेली, एक वापरात. फळीला एकच जोडी आणि मागच्या दांड्याला दोन, तर फळी नवी, दांडा जुना. उलट असेल तर उलट. फळीची रिकामी छिद्रं आणि दांड्याची रिकामी छिद्रं समोरासमोर येत असतील तर ती फळी तिच्या मूळ जागी परत आलेली आहे. हे पटलं की अर्धं काम झालं.

खिळे आणि इतर वस्तू. चौकोनी घडीव खिळे दिसले की लोक हरखतात. १८९० च्या दशकापासून अमेरिकेत तारेचे गोल खिळेच स्वस्त आणि सर्रास होते, त्यामुळे १९६० च्या सेटवरचा चौकोनी खिळा हा शोभेचा. डोक्याची एक बाजू कापलेले खिळे म्हणजे खिळे मारायची बंदूक. काळे बारीक ड्रायवॉल स्क्रू म्हणजे नंतरची डागडुजी. छपराखाली चपट्या ढलप्या दाबून केलेला ओएसबीचा तक्ता दिसला तर तो १९८० च्या अलीकडचा समजा.

करवतीच्या खुणा. मागच्या अंगाला कमानदार रेषा म्हणजे गोल करवत, सरळ समांतर रेषा म्हणजे पट्टा-करवत. एका भिंतीवर दोन्ही मिसळलेल्या असतील तर माल दोन खेपांत आला असावा. याने काळ कळत नाही, फक्त खेप कळते.

रंगाचे थर. न दिसणाऱ्या कोपऱ्यातला टिकलीएवढा पापुद्रा काढून भिंगाखाली कडेने पाहायचा. सेट प्रत्येक निर्मितीला नवा रंग घेतो. कधी स्वच्छ, कधी पातळ तपकिरी फवारून जुनाट केलेला. शेजारच्या दोन फळ्यांत एकीवर नऊ थर आणि दुसरीवर दोन असतील तर निकाल उघड आहे. म्हणूनच खिळे_फळ्या म्हणतात ते खरं: खरवडू नये. जीर्णोद्धाराच्या उत्साहात पॉलिश पेपर मारून ‘छान’ केलेली भिंत अभ्यासाच्या दृष्टीने कोरी पाटी असते.

वाटाड्या

जागेबद्दल कोणी लिहिलं नाही. मूळ गाव डोंगराच्या दक्षिण अंगाला होतं आणि संग्रहालय पश्चिम अंगाला आहे. डोंगर तोच, पण कड्यांची रेघ वेगळी. त्यामुळे आजच्या प्रार्थनागृहासमोर उभं राहून १९६९ च्या चित्रपटातली चौकट जुळवायला गेलं की मागचा डोंगर जुळत नाही, आणि काही जण त्यावरून ‘इमारतच खोटी’ असा निष्कर्ष काढतात. चूक. इमारत जुळवायची तर दारं-खिडक्यांची प्रमाणं, फळ्यांच्या ओळींची संख्या, मनोऱ्याचा उतार पाहा. डोंगराची रेघ वापरायची ती मूळ जागा शोधायला: चौकटीतली दोन ठळक शिखरं घ्या, त्रिमितीय नकाशात गोल्ड कॅनियनकडून पाहत सरकत जा, दोन्ही शिखरांमधलं अंतर आणि उंचीचा फरक जुळला की कॅमेऱ्याची जागा मिळते. एक अट: भिंग लांब पल्ल्याचं असेल तर डोंगर जवळ ओढलेला दिसतो, तेव्हा शिखराच्या आकारावर न जाता कोणतं शिखर कशाआड लपतं ते पाहा. ते भिंगाने बदलत नाही.

दप्तर

सरकारी दृष्टीने ‘मूळ’ म्हणजे काय, हेही सूचीत कामी येईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ नोंदवहीत इमारतीचा अस्सलपणा सात अंगांनी तपासतात: जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, वातावरण आणि संबंध. हलवलेली इमारत पहिल्या आणि तिसऱ्या अंगाला मुकते. म्हणून अशा इमारती सहसा घेत नाहीत. अपवाद दोन, एक तर तिचं महत्त्व प्रामुख्याने वास्तुकलेचं असावं, किंवा ऐतिहासिक व्यक्ती वा घटनेशी जोडलेली ती सर्वांत महत्त्वाची उरलेली वास्तू असावी. शिवाय साधारण ५० वर्षं वयाची अट.

याच्या उलट टोकाला पायनियरटाउन. कॅलिफोर्नियातलं हे गाव १९४६ मध्ये चित्रीकरणासाठीच वसवलं, पण दर्शनी भिंतींच्या मागे खऱ्या इमारती होत्या आणि त्या जागच्या जागी आहेत. तिथला मुख्य रस्ता नोंदवहीत आला.

खिळे_फळ्या

दप्तर, नियम मान्य, पण सेटच्या बाबतीत ‘जागा’ या अंगाला इतकं वजन द्यावं का? सेट मुळातच ‘दुसरीकडचं गाव’ असल्याचा आव आणतो. एकच रस्ता एका आठवड्यात टेक्सस असतो, पुढच्या आठवड्यात मेक्सिको. आणि सेटचे भाग एका रँचवरून दुसऱ्या रँचवर नेणं हा या धंद्याचा रिवाजच होता. जुनी_रीळ यांनी वर आरकेओचं उदाहरण दिलंय. हलवाहलवी हा तिथे अपघात नव्हे.

दप्तर

मुद्दा चांगला आहे, नोंदवही ऐकणार नाही एवढंच! खासगी सूचीत मात्र तुम्ही म्हणता तसं वजन देता येईल.

वळचण

एक राहिलंच. हलवल्यानंतर बदल होतात ते सगळे जीर्णोद्धारासाठी नसतात. काही कायद्यापायी होतात. सेटचं दार नटाला आत जाण्यापुरतं असतं. तिथे खरी लग्नं लागायची तर हिशेब बदलतो. सलग बाकांवर माणशी १८ इंच धरून माणसं मोजतात. ५० च्या खाली राहिलं तर एका दारावर भागू शकतं. ५० किंवा जास्त झाली की दुसरं दार लागतं आणि दारं बाहेर उघडावी लागतात. चाकाच्या खुर्चीसाठी दाराची मोकळी रुंदी ३२ इंच, आणि उतरण दर इंच उंचीला फूटभर लांब. म्हणून सेटवरून आणलेल्या इमारतीत बाहेर उघडणारं रुंद दार, मागचं जादा दार किंवा उतरण दिसली तर ‘चित्रपटात हे नव्हतं’ म्हणून इमारतीवर शंका घेऊ नका. ते बदल वेगळे नोंदवा.

रिकामी_चौकट

सगळ्यांचे आभार. नोंद अशी केली आहे: ‘अपाचेलँड प्रार्थनागृह. मूळ सेट १९५९-६०, गोल्ड कॅनियन. १९६९ आणि २००४ च्या आगींतून वाचलं. २००४ नंतर सुटं करून सुपरस्टिशन माउंटन संग्रहालयात पुन्हा जोडलं. जागा: बदललेली. साहित्य: जुनं आणि नवं मिसळलेलं, फळीनिहाय तपासणी बाकी. चित्रपट: चार्रो! (१९६९).’ चालेल?

फूटपट्टी

‘मूळ सेट १९५९-६०’ हे गावाचं वर्ष आहे, इमारतीचं नव्हे. दोन्ही वेगळे रकाने करा. इमारतीपुढे ‘१९६८ मध्ये किंवा त्याआधी’ लिहा. चित्रपटात ती दिसते, त्यामुळे तेवढं पक्कं आहे. आणि ‘मिसळलेलं’ हे तपासणीनंतर लिहायचं, आत्ता फक्त ‘तपासणी बाकी’. कोठाराची नोंद स्वतंत्र ठेवा: त्याचे दांडे, छिद्रं, रंग सगळं वेगळं मोजावं लागेल. जाल तेव्हा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. ऊन भिंतीला घासून तिरकं पडतं तेव्हा बुजवलेली छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात, दुपारी भिंत सपाट वाटते.